हेडाला उतरवलं तेव्हा

नॉर्थ डकोटातली शेती आवरून ऑर्व्हिल ट्वेट मुलीकडे विस्कॉन्सिनला निघाला, तेव्हा घरातलं बहुतेक सामान त्याने वाटून टाकलं होतं. खाटा गेल्या, टेबल गेलं, बायकोचं, लेनोरचं शिलाई मशीन शेजारणीने नेलं. घोडे मात्र त्याने कुणाला दिले नाहीत. बर्ग, टोबी आणि हेडा. तिघंही बेल्जियन जातीची, नांगराला जुंपायची अजस्र जनावरं. एकेकाचं वजन टनाच्या घरात. हेडा घोडी लेनोरची. हेडाची आई दगावल्यावर लेनोरने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. गेल्या हिवाळ्यात लेनोर वारली, तेव्हा ही घोडी कितीतरी दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर कुंपणाशी येऊन उभी राहायची.

दोन खेपा करा, असं मुलगी सोल्व्हे फोनवर बजावत होती. पण दोन खेपा म्हणजे कुणीतरी मागे राहणार, आणि तिघं कधी एकमेकांवाचून राहिलेली नव्हती. शिवाय आपल्या पिकअप ट्रकवर ऑर्व्हिलचा भरवसा होता. लोखंडी ट्रेलर, त्यात तीन घोडे, त्यांचा साज, गवताचे गठ्ठे, पाण्याची भरलेली टाकी, एवढं सगळं मागे बांधून तो निघाला. सपाट मुलखात ट्रकने कुरकुरसुद्धा केली नाही.

मिनेसोटा संपत आलं, तिथे हमरस्त्यावर गस्तीच्या गाडीने त्याला बाजूला घेतलं. केसलर नावाची तरुण अधिकारी होती. ट्रकची मागची बाजू खाली बसलेली आणि तोंड वर उचललेलं तिला लांबूनच दिसलं होतं. तिने चाकांपुढे वजनाचे सपाट काटे ठेवले आणि ऑर्व्हिलला गाडी हळूहळू त्यांच्यावर घ्यायला लावली.

"ओढतोय की व्यवस्थित," ऑर्व्हिल म्हणाला. "सकाळपासून एकदाही दमला नाही."

"ओढेल हो, मिस्टर ट्वेट. पण थांबवेल का? पुढे नदीच्या खोऱ्यात उतरायचंय तुम्हाला."

ट्रकचं दार उघडून तिने आतल्या कडेची पट्टी दाखवली. ट्रकच्या पाठीवर किती भार चालतो, प्रत्येक आसाने किती पेलायचा, ट्रक आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त किती चालतं, हे सगळं निरनिराळं असतं, असं तिने सावकाश समजावलं. ट्रेलरचा पुढचा भार ट्रकच्या मागच्या चाकांवर पडतो आणि पुढची चाकं हलकी होतात, मग ती वळायला सांगितलं तरी वळत नाहीत. ऑर्व्हिल ते दार वर्षानुवर्षं उघडत आला होता. ती पट्टी त्याने कधी वाचली नव्हती.

टाकी रिकामी केली, साज आणि गठ्ठे उतरवले, तरी वजन बसेना. एक घोडा उतरवावाच लागणार होता. केसलरने दंडाचं नाव काढलं नाही. उलट जवळच्याच रूथअ‍ॅन बोलिंग या शेतकरी बाईंना स्वतः फोन केला. त्यांचा गोठा रिकामा होता. त्या लगेच हो म्हणाल्या.

मागे कुणाला ठेवायचं, हे ऑर्व्हिललाच ठरवायचं होतं. बर्गला दिसत नव्हतं, तो टोबीच्या अंगाला अंग लावूनच चालायचा. त्या दोघांना तोडणं शक्य नव्हतं. राहता राहिली हेडा.

ती उतरली आणि लगेच पुन्हा ट्रेलरकडे वळली. ऑर्व्हिलने तिची मान थोपटली. "उद्या येतो गं," लेनोर जशी बोलायची तसंच तो बोलला. "हा गेलो नि हा आलो."

पुढे खोऱ्याच्या उतारावर एका वळणामागे लाकडांचा ट्रक बंद पडून आडवा उभा होता. ऑर्व्हिलने ब्रेकवर सगळा जीव ओतला. ट्रेलर मागून रेटत राहिला, रबर जळाल्याचा वास आला, आणि अगदी हातभर अंतर राहिलं तेव्हा गाडी थांबली. मागे दोघं जोरजोरात श्वास घेत होते. हेडा आत असती तर गाडी थांबली नसती, हे त्याला कुणी सांगायची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी तो रिकामा ट्रेलर घेऊन परत आला, तर रूथअ‍ॅन फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी सकाळी सोल्व्हेकडे फोन लावला होता, पण तोवर हा निघालेला. हेडा संध्याकाळभर कुंपणाच्या कडेने धावत राहिली. घामाने निथळली, हाका मारत राहिली, पाण्याला तोंड लावलं नाही. मग पोटात पीळ पडला. जनावरांचे डॉक्टर आले, पण आतडंच वळलं होतं. इंजेक्शन देऊन तिला कायमचं झोपवावं लागलं.

"मी जवळ होते," रूथअ‍ॅन म्हणाल्या. "डोकं मांडीवर घेतलं होतं तिचं."

ऑर्व्हिल हेडाशेजारी गवतात बसला. तिच्या पापणीवरची माशी त्याने हाकलली, ती पुन्हा आली, त्याने पुन्हा हाकलली. रूथअ‍ॅनच्या ट्रॅक्टरने तिथेच ओढ्याकाठी खड्डा खणला. नंतर त्यांनी ओतलेली कॉफी तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला, कारण त्यांनी ती ओतली होती.

सोल्व्हे त्या अधिकारी बाईवर भडकली. वर तक्रार करते म्हणाली.

"तिचं काही चुकलं नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "त्या उतारावर मी होतो, तू नव्हतीस." मुलीचं ऐकून आधीच दोन खेपा ठरवल्या असत्या, हेडाला तिच्या ओळखीच्या कुंपणात ठेवलं असतं तर, हा विचार तो सुरू करायचा आणि अर्ध्यावर सोडून द्यायचा.

पानगळीच्या दिवसांत केसलरचा फोन आला. घोडी कशी आहे, विचारत होती. त्या दिवशी तिला उतरवताना तुमचा चेहरा पाहिला, तो डोळ्यांपुढून जात नाही, म्हणाली.

ऑर्व्हिलने खिडकीबाहेर पाहिलं. बर्ग टोबीला टेकून उभा होता.

"छान आहे," तो म्हणाला. "इथलं गवत मानवलंय तिला. अंग धरलंय चांगलं."

पलीकडे तिने सुटकेचा श्वास सोडलेला ऐकू आला. सोल्व्हे मोरीशी भांडी घासत होती. तिने नळ बंद केला, पण मान वळवली नाही. ऑर्व्हिलने फोन ठेवला, कोट चढवला आणि तो दोघांना पाणी पाजायला बाहेर गेला.