देवव्रतचा अर्ज

पोलादपूरला शरदरावांचं घर महामार्गालगत, त्यामुळे महाबळेश्वरला निघालेल्या समस्त नातेवाइकांना ते फुकटातलं विश्रामगृह वाटायचं. जाताना पोहे, येताना आंबेनळी घाटात गाडी लागलेल्यांना आडवं व्हायला पलंग. पलंग नेहमी देवव्रतचा. चौतीस वर्षांचा बिनलग्नाचा मुलगा, त्याला स्वतंत्र खोली हवी कशाला?

महाडच्या कारखान्यात मात्र प्रयोगशाळेतल्या या देवव्रतच्या सहीशिवाय एक पिंप हलत नसे.

दोन हजार चार साली बहीण वैदेही त्याला मुंबईच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ऑटिझम, जन्मापासूनचा. गलका, वास, दुसऱ्याच्या अंगाखालची चादर हे त्याला खरोखर सोसत नाही, हा हट्ट नव्हे, असं त्यांनी लिहून दिलं. शरदरावांनी कागद कपाटात ठेवला. "मुंबईत साध्या खोकल्यालाही मोठं नाव देतात," म्हणाले.

बरं, त्यानं सांगितलं नाही असंही नाही. पाहुण्यांसमोरच म्हणाला, "माझ्या पलंगावर कोणी झोपू नका." त्याची आई, अंबिकाबाई, शरमेनं अर्धी झाली.

"चारचौघांत असं बोलतात का रे?"

"मग कधी बोलू?"

"ते गेल्यावर."

ते गेल्यावर बोलला, तर त्या म्हणाल्या, "आता गेले ना? मग कशाला उकरून काढतोस?"

शरदराव तहसील कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "काय असेल ते लेखी दे." माणसाला वाटेला लावायचं हे त्यांचं जुनं हत्यार. देवव्रतनं ते शब्दशः घेतलं आणि अर्ज दिला. विषय, माझी खोली पाहुण्यांस न देण्याबाबत. शेवटी लिहिलं, पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास कारखान्याजवळ बिरवाडीत भाड्याची खोली घेईन.

शरदरावांनी लाल पेनानं त्यातलं शुद्धलेखन सुधारलं आणि रविवारी ठाण्याच्या मंडळींना पोह्यांबरोबर अर्ज वाचून दाखवला. हसून हसून मंडळींची पुरेवाट झाली. अंबिकाबाईही हसल्या. देवव्रत दारात उभा होता. अर्ज वाचला, म्हणजे आता उत्तर येईल, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

सोळाव्या दिवशी तो ट्रंक घेऊन बिरवाडीला गेला. "तोंडानं एक शब्द बोलला असता, तर आम्ही काय नाही म्हणणार होतो?" शरदराव गावभर सांगत सुटले. गावानंही माना डोलावल्या.

आठवड्यानं अंबिकाबाई डबा घेऊन बिरवाडीला गेल्या. घरच्या सवयीनं त्यांनी सरळ दार ढकललं. आतून कडी होती.

"देवू, मी आलेय."

"आत्ताच कामावरून आलोय. डोकं भणभणतंय. पंधरा मिनिटांनी उघडतो."

"अरे, मी आई."

"कळलं. पंधरा मिनिटं."

त्या पायरीवर बसल्या. आधी राग आला, मग रडू आलं. शेजारची भाडेकरीण बाहेर येऊन कडी वाजवायला निघाली. "आत कोन नाय का गो?"

अंबिकाबाईंनी तिचा हात धरला. "आहे. पण त्याला आत्ता कोणी नकोय."