पाच मण शेणाच्या सातशे गोवऱ्या

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. सांगायला कुणी नव्हतं, असं म्हणणार होतो—पण ते खरं नाही. एकट्या माणसालाही ऐकणारा मिळतोच, एस.टी.त शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा चालतो. मी सांगितली नाही, एवढंच.

गोष्ट शेणाची आहे. हसायचं तर हसा. सुरुवातीला मीही हसलो होतो.

एकोणीसशे पन्नास आणि साठ यांच्या मधली ही वर्षं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. अनसिंगच्या पलीकडच्या एका गावात मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि वसतिगृहाला लागून असलेल्या खोलीत राहायचो. लग्न केलं नव्हतं. शाळा सुटली की खोलीत मी, एक स्टोव्ह आणि पुस्तकं. पुस्तकं आपलं ऐकून घेत नाहीत, हे मला पस्तिशीच्या आत कळलं होतं. वाचणाऱ्या माणसांना ते सहसा इतक्या लवकर कळत नाही.

वसतिगृहात चाळीस मुलं आणि संस्थेच्या गोठ्यात वीस जनावरं. गोठा गिरजाबाई झाडायची. तिला पगार नव्हता. गोठा तिने झाडायचा आणि शेण तिने न्यायचं—असं ठरलेलं होतं, कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. त्या शेणाच्या गोवऱ्या थापून ती गावात द्यायची, त्यावर तिचं घर चालायचं. नवरा कापसाच्या हंगामात जिनिंगवर कामाला कारंज्याला जायचा. बाकीच्या वेळी तो काय करायचा ते तिलाही नीट ठाऊक नसावं.

त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांना गोबर गॅस भेटला. अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब, गावातले मोठे शेतमालक. नागपूरला एका प्रदर्शनात त्यांनी शेणाच्या गॅसवर उकळलेला चहा घेतला, आणि परत आल्यावर महिनाभर ते साधं बोलेनात. प्रत्येक वाक्यात राष्ट्र यायचं. एका सकाळी त्यांनी मला बोलावून एक इंग्रजी पुस्तिका हातात दिली. ‘काढा हिशेब, मास्तर. किती शेण, किती गॅस, किती स्वयंपाक. जिल्ह्याचे साहेब येऊन राह्यले तीन महिन्यांनी.’

पुस्तिकेत शेण पौंडात होतं, गॅस घनफुटांत आणि उष्णता ब्रिटिश एककांत. आमच्याकडे शेण मणात, आणि ब्रिटिश तर देश सोडून गेलेले. संस्थेच्या समितीसमोर घनफूट म्हणालो असतो तर सगळ्यांनी गंभीर माना हलवल्या असत्या आणि कुणालाच काही कळलं नसतं. म्हणून मला वाटलं, सगळं गोवऱ्यांत सांगू. इतक्या शेणाचा गॅस म्हणजे इतक्या गोवऱ्यांचा जाळ. हे कुणालाही कळेल. माझी मलाच ही कल्पना फार आवडली.

पण एका गोवरीचा जाळ किती, ते पुस्तिकेत कुठून असणार? ते गिरजाबाईकडून शिकलो.

आठवडाभर मी तिच्या अंगणात जात होतो. ती गोवऱ्या द्यायची, मी तोलायचो. वाळलेली गोवरी पौंडाच्या आसपास भरायची. मग तिच्या चुलीवर मोजून पाणी ठेवायचं, थर्मामीटर धरायचा, किती गोवऱ्यांत उकळी येते ते टिपायचं. ती शेजारी बसून जाळ सारखा ठेवायची—एक गोवरी दोन बोटं आत, एक बाहेर. माझ्या हातून ते जमत नसे. ‘पाणी तापवून राह्यले ते कायले, मास्तर? आंघोळ तं झालेली दिसते,’ असं ती विचारायची. एकदा म्हणाली, ‘बायको करा एखादी. गोवऱ्या तोलाची पाळी आली तुमच्यावर.’

हे का सांगतो आहे? कारण त्या गावातल्या सहा वर्षांत माझ्याशी कुणी इतकं बोललं नव्हतं. ते सात-आठ दिवस मला संध्याकाळ कशी काढायची याचा विचार करावा लागला नाही. हे सांगून मी माझी बाजू हलकी करत नाही. उलट—पुढचं त्याने जडच होतं.

हिशेब असा होता. रोजचं शेण पाच मण. मण म्हणजे ब्याऐंशी पौंड. पाच मणांचे चारशे दहा. पुस्तिकेत पौंडाला तीन घनफूट गॅस. म्हणजे बाराशे तीस घनफूट. एका घनफुटात सहाशे एककं उष्णता, त्यातली निम्मी भांड्याला लागते असं धरलं. आणि चुलीतल्या एका गोवरीची पाचशे एककं पाण्याला लागतात, हे गिरजाबाईच्या अंगणात मोजलेलं. भागाकार केला. रोजच्या सातशे अडतीस गोवऱ्या! मुलांच्या दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला अडीचशेच्या घरात लागल्या असत्या. उरलेल्या गॅसवर दिवे लागले असते. भाऊसाहेबांनी मला खुर्ची दिली. सहा वर्षांत पहिल्यांदा. ‘आमचे शास्त्रज्ञ’ असं ते कुणालातरी म्हणाले, मला ऐकू जाईल असं.

तिथून मी गिरजाबाईकडे गेलो. तिला सांगावंसं वाटलं. तिची गोवरी माझ्या हिशेबात होती ना. या आकड्यामुळे तिचं शेण जाणार आहे हे माझ्या ध्यानात होतं का? होतं. पण ज्या आकड्याचं कौतुक झालं आहे, त्याच्या पुढचं माणसाला जरा अंधुकच दिसतं.

ती थापत होती. थापता थापता म्हणाली, ‘पाच मणाच्या माह्या नव्वद गोवऱ्या व्हतात. तुमच्या सातशे कुठून आल्या?’

मी म्हणालो, गॅसमध्ये जाळ वाया जात नाही.

‘नसंल जात. मंग नव्वदच्या दोनशे व्हतीन. सातशे काहून?’ मग ती थांबली. हातातला गोळा माझ्यापुढे धरून म्हणाली, ‘तुमी ओलं तोललं का वाळलं? याच्यात पाणी हाये, मास्तर. पाणी जळते का?’

मी खोलीवर येऊन पुस्तिका उघडली. तक्त्याच्या खाली, बारीक अक्षरात, लिहिलेलं होतं—शेणाचं वजन पूर्ण कोरडं धरलेलं आहे. ओल्या शेणात कोरडा भाग पाचवा. म्हणजे गॅसही पाचवा हिस्सा. गोवऱ्या दीडशेच्या आत. अक्षरओळख नसलेल्या बाईने गोळा हातात धरून जे सांगितलं, ते मला तक्ता वाचून कळलं नव्हतं.

दिवस मावळायचा होता. भाऊसाहेबांचं घर पाच मिनिटांवर. गेलो असतो तर काय झालं असतं? खड्डा लहान खणला गेला असता, किंवा खणलाच गेला नसता. निम्मं शेण तिच्याकडे राहिलं असतं. मी गेलो नाही. ते पान मिटलं. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही, आणि मग दरेक दिवशी न जाणं आदल्या दिवसापेक्षा सोपं होत गेलं.

साहेब आले. मंडप, सतरंज्या, स्वागतगीत. दहा फूट व्यासाचं लोखंडी पिंप खड्ड्यावर उपडं तरंगत होतं आणि त्याला झेंडूचा हार होता. पंधरा दिवस गोठ्यातलं सगळं शेण खड्ड्यात टाकून गॅस साठू दिला होता, त्यामुळे पिंप भरलेलं. ज्योत निळी आणि सुरेख लागली. मी आकडा सांगितला, टाळ्या झाल्या. मांडवाच्या कडेला बायकांत गिरजाबाई उभी होती. तिने तिथूनच, जसं अंगणात विचारायची तसंच, विचारलं—‘मास्तर, त्या पाण्याचं काय झालं?’

मी म्हणालो, ‘बाई, हे शास्त्र आहे. गोवऱ्या थापणं नाही.’

लोक हसले. साहेबही हसले. ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. माझा गुन्हा म्हणून कित्येक वर्षं मी मनात हेच वाक्य धरून होतो. पण तेही एक पांघरूणच. खरी गोष्ट त्याच्याही पुढे आहे.

आठवड्याभरात साठलेला गॅस संपला. मग सकाळचा वरण-भात कसाबसा व्हायचा आणि भाकरीच्या वेळी ज्योत बसायची. स्वयंपाकी नामदेव लाकडं फोडू लागला. मी रोज पिंपाला पट्टी लावायचो. चोवीस तासांत साठणाऱ्या गॅसने ते तीन फूट वर यायचं. दहा फूट व्यासाला तीन फूट, म्हणजे दोनशे पस्तीस घनफूट. माझा आकडा खरा असता तर पिंप दिवसातून दोनदा भरलं असतं. बाराशे तीसचा पाचवा हिस्सा काढून पाहा. मीही काढला होता. पट्टीची वही माझ्या खिशात असायची.

समितीची बैठक झाली. भाऊसाहेब म्हणाले, मास्तरचा हिशेब साहेबांनी पास केला आहे, तो चुकणार नाही. मग शेणच कमी पडत असलं पाहिजे. शेण जातं कुठे? नामदेव म्हणाला, ‘गिरजाबाईच्या आंगनात अजून गोवऱ्या हायेत ना जी.’

तिला बोलावलं. वर्षानुवर्षं जे तिचं होतं, ते नेल्याबद्दल आता तिला जाब विचारत होते, याचं त्या खोलीत कुणाला काही वाटलं नाही. ती दारात उभी राहिली. म्हणाली, ‘मी गुरं चराले जातात त्या रस्त्यावरचं येचते. गोठ्यातल्या शेणाचा एक पो नाही उचलला.’ मग ती माझ्याकडे वळली. रागाने नाही. ज्याने आपल्यासोबत आठवडाभर काम केलं आहे, त्याच्याकडे माणूस जसं पाहतं, तसं. ‘मास्तराले इचारा. त्यायनं माह्या गोवऱ्या तोलल्या हायेत. त्यायले ठाऊक हाये किती निंगते अन् किती नाही.’

सगळे माझ्याकडे पाहू लागले. वही खिशात होती.

मी म्हणालो, ‘त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.’

बस्स. इतकंच. ती चोर आहे, असं मी म्हणालो नाही. मी शिकलेला माणूस, असं कसं म्हणेन? ती दारातून गेली. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

गोठा दुसऱ्या कुणाला दिला. गावात तिच्या गोवऱ्या घेणं बंद झालं, नदीवर बायका तिच्यापासून सरकून बसू लागल्या. उन्हाळ्याच्या आधीच ती नवऱ्याकडे कारंज्याला निघून गेली. जाताना वाटेत शेलूबाजारला कुणीतरी तिला टोपलं घेऊन बसलेलं पाहिलं, एवढं ऐकलं. पुढचं मला माहीत नाही. शोधायला मी गेलो नाही. दोन वर्षांनी मी मुख्याध्यापक झालो. पुढे किलो आले, घनमीटर आले, कॅलरी आल्या; एका मापातून दुसऱ्यात कसं जायचं ते मी वीस वर्षं फळ्यावर शिकवलं. ओलं की कोरडं ते आधी लिहा, नाहीतर शून्य देईन, असं सांगायचो. पोरं मला कडक म्हणायची.

पाच मण ओल्या शेणातून जितका गॅस निघायला हवा, जवळजवळ तितकाच रोज निघत होता. दोनशे पस्तीस घनफूट. त्या शेणातला एक पो कुणी नेलेला नव्हता. गिरजाबाई दारात उभी असताना हे त्या खोलीत फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीनेच ते सांगितलं.