लाईन टिकली होती

पुण्याहून सकाळच्या एसटीत चढलो तेव्हा कंडक्टरनं माझ्या हातातली अवजड पेटी न्याहाळून विचारलं, "यात काय आणलंय? गिरणी?"

"रिले तपासायचं यंत्र."

"मग त्याला खिडकीपाशी बसवा आणि तुम्ही उभे राहा," म्हणत तो पुढे सरकला. बसमधले लोक हसले, मीही हसलो. एरवी मला प्रवासात गप्पा मारायला आवडतं. या वेळी मात्र सुप्याच्या पुढे जाऊच नये असं वाटत होतं, आणि खरं काम तर सुप्याच्या पुढेच होतं.

सुप्याच्या एमआयडीसीतलं काम दीड तासात उरकलं. तिथल्या एका कारखान्यात अर्थ फॉल्ट रिले (तारेतून निसटून जमिनीत जाणारी वीज ओळखून लाईन बंद करायला लावणारं उपकरण) तपासायचा होता. किती वीज निसटली की लाईन तोडायची, तो आकडा रिलेत भरावा लागतो. त्यालाच आम्ही सेटिंग म्हणतो. आकडा फार लहान ठेवला तर रिले उठसूट लाईन तोडतो, फार मोठा ठेवला तर डोळेझाक करतो. कारखान्यात जमिनीखाली धातूच्या पट्ट्या पुरलेल्या असतात, तिथं वीज निसटते तेव्हा भरपूर निसटते आणि रिलेला लगेच कळतं. असल्या जागी कुणीही शहाणा ठरतो.

टाकळी, आळेफाटा करत ब्राह्मणवाड्यावरून अकोल्यात उतरलो. आळेफाट्याला शेवभाजी मागवली होती, निम्मी ताटात राहिली. अकोल्याहून जीपनं भंडारदऱ्याच्या बाजूला निघालो तसे डोंगर जवळ आले. भाताची खाचरं कोरडी पडली होती, धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. बाजूला बसलेल्या आजोबांनी विचारलं, "पावन्याकडं का?" मी म्हणालो, "कामाला." ते म्हणाले, "पेटीवरून वाटलंच."

सबस्टेशनवर ऑपरेटर सखाराम वाट बघत होता. त्यानं आधी नागलीची भाकरी आणि बोंबलाची चटणी पुढे ठेवली. आमची ओळख तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा पावसाळ्यात वाड्यावस्त्यांची लाईन ओल्या फांद्या लागून दिवसातून दहादा जायची. पिठाची गिरणी बंद पडली म्हणून बाया सबस्टेशनवर चालून आल्या होत्या. फांद्या तोडायला माणसं नव्हती आणि मला संध्याकाळची एसटी गाठायची होती. मी सेटिंग चौपट वाढवलं. लाईन जायची थांबली. इकडे 'लाईन टिकली' म्हणजे मोठी शाबासकी. बायांनी मला काळभाताची (इथल्या सुवासिक तांदळाची) पिशवी दिली आणि मी ती मिरवत घरी नेली.

गेल्या उन्हाळ्यात तार तुटून कातळावर (उघड्या सपाट खडकावर) पडली. कोरड्या खडकातून वीज जमिनीत जेमतेम शिरते. माझ्या मोठ्या आकड्यापुढे ती काहीच नव्हती. रिले गप्प राहिला, लाईन टिकली, आणि कातळावर वाळत घातलेला हिरडा गोळा करायला गेलेल्या ठकूबाईंचा उजवा हात मनगटापासून गेला. मला हे कळलं ते गेल्या महिन्यात, सखारामशी सहज फोनवर बोलताना.

आता बारीकसारीक निसटणारी वीजही ओळखणारा नवा रिले आला होता. लॅपटॉपची केबल मी सुप्याला विसरलो होतो, त्यामुळे एकेक आकडा बटणं दाबून भरला, पेटी जोडून तीनदा तपासला. तिसऱ्यांदाही बरोबर आल्यावर सखाराम म्हणाला, "साहेब, आता तरी चला ठकूमावशीकडं."

ठकूबाई अंगणात बसून डाव्या हातानं हिरडा निवडत होत्या. सखारामनं सांगितलं, "मावशे, हे लाईनचे साहेब." त्यांनी मला पाट दिला आणि पाणीही स्वतःच आणलं. तो तांब्या घेताना मला लाज वाटली.

मी म्हणालो, "मावशी, तार पडली तेव्हा लाईन आपोआप जायला हवी होती. गेली नाही, कारण मी तसं करून ठेवलं होतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हंजी तुमीच का ते, गिरनीच्या येळचे?"

"हो."

"आता तार पडली तर जाईल का लाईट?"

"बहुतेक जाईल. पण कोरड्या कातळावर खात्री देता येत नाही. तार दिसली तर कुणी जवळ जाऊ नका."

"आता कातळावर कोन वाळवतंय! आमी अंगनातच घालतो." मग त्यांनी हातातला हिरडा सुपात टाकला. "तुमाला तरी काय बोलायचं? त्या येळी लई भांडलो आमी. पुढं मीच हुते. लाईट जाया नको, असं मीच म्हनले हुते. माझ्याच तोंडानं मागून घेतलं म्हनायचं."

मी तांब्या खाली ठेवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हलकं वाटलं. तेवढ्यात मला परत न्यायला थांबलेल्या जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, मी उठलो, नमस्कार केला आणि निघालो. त्यांनीही नमस्कार केला, एकच हात कपाळाला लावून.

परतीच्या एसटीत संगमनेर मागे पडलं तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करून आलो. त्यांनी गिरणी चालू राहावी एवढंच मागितलं होतं. ते कसं द्यायचं आणि त्याचा धोका काय, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. माझी चूक सांगायला म्हणून गेलो आणि त्यातला अर्धा वाटा त्या बाईच्या पदरात टाकून आलो. "मावशी, तुमचं काहीच चुकलं नाही," एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यासाठी जीप थांबली असती.