मामा यान भरतात

रिकामी जागा म्हणजे माणसाच्या आळसाची खूण, असं मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा फ्लोरिडात एका खासगी कंपनीत अवकाश स्थानकाकडे जाणाऱ्या मालवाहू यानांत सामान भरायचे. वर राहणाऱ्या अंतराळवीरांचं जेवण, कपडे, प्रयोगांच्या पेट्या, सगळं पांढऱ्या पिशव्यांत बांधून, वजनाचा तोल सांभाळत रचायचं. हे काम ऑफिसातच संपलं असतं तर आमची तक्रार नव्हती. पण मामा घरचा डिशवॉशरसुद्धा तोल बघून लावत. आम्ही न्यू जर्सीहून गाडीनं त्यांच्याकडे जायचो. परतताना मी तासभर घाम गाळून डिकी भरायचो. मामा बाहेर यायचे आणि सगळं पुन्हा ड्राइव्हवेवर मांडायचे. "जावईबापू, तुमची गाडी डावीकडे झुकलीय." झुकलेली असायचीच, कारण तोवर मी अमेरिकन गाडीच्या डावीकडच्या स्टिअरिंगमागे जाऊन बसलेला असायचो.

दुसरं वेड मोजणीचं. यानात शिरणाऱ्याच्या अंगावर काय काय आहे त्याची दारातच यादी करायची आणि बाहेर पडताना ती ताडून पाहायची, हा तिथला नियम. मामांनी तो घरी लागू केला. मंडळाच्या गणपतीला निघालो की दारात झडती. "फोन? चष्मा? किल्ली?" माझी लेक वैतागायची, "आजोबा, इट्स जस्ट अ पार्टी!" त्यावर मामा शांतपणे म्हणायचे, "आणि दर वेळी तुझी एक चप्पल तिथंच राहते, ती?" हसा तुम्ही. पण माझी नोकरी गेली तेव्हा याच माणसानं आम्हा तिघांना चार महिने आपल्या घरात असं काही बसवून घेतलं, की आपण जास्तीचे आहोत हे आम्हाला एकदाही जाणवलं नाही.

मामांच्या निवृत्तीआधीचं शेवटचं यान निघायचं होतं, म्हणून आम्ही मुद्दाम गेलो. सामान भरून झालं होतं. दुसऱ्या दिवशी यानाचं दार बंद करण्याच्या कागदावर यंदा मामांनी सही करायची, असा मान साहेबांनी त्यांना दिला होता. मामींनी त्यासाठी नवा शर्टही इस्त्री करून ठेवला होता. आम्ही जेवायला बसलो आणि कुठूनशी बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली.

"अहो, तुमचं कानातलं मशीन वाजतंय," मामी म्हणाल्या.

मामांनी ते काढून पाहिलं. टोकाची मटाराच्या दाण्याएवढी रबरी टोपी गायब! सकाळी यानात शिरताना ती होती. टेबलाखाली, गाडीत, बाथरूममध्ये, सगळीकडे शोधलं. जगाच्या याद्या करणाऱ्या या माणसानं ते मशीन स्वतःच्या यादीत कधी लिहिलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती वस्तू नव्हती, कानच होता.

शहाणपणा माझ्या अंगी जन्मजात. मी म्हणालो, "मामा, एवढीशी टोपी! कुणाला कळणार आहे? उद्या सही करा आणि मोकळे व्हा."

"वर सगळं तरंगतं, जावईबापू. पिशवी उघडताना निसटली आणि हवेच्या पंख्यात जाऊन अडकली, तर? त्या पंख्याच्या भरवशावर माणसं श्वास घेतात."

"पण मग तुमची सही..." मामी पुटपुटल्या.

"सही काय, कुणीही करेल," मामा म्हणाले आणि त्यांनी साहेबांना फोन लावला.

पिशव्या बाहेर काढाव्या लागल्या. टोपी एका पट्ट्याखाली सापडली. यान एक दिवस उशिरा निघालं, आणि कागदावर सही दुसऱ्यानं केली. साहेबांनी काही म्हणायच्या आधी मामांनीच तसं सुचवलं होतं.

उड्डाण आम्ही किनाऱ्यावरून पाहिलं. एवढ्या वर्षांत मामा त्या वेळी कायम ड्यूटीवर असायचे. घरच्यांच्या शेजारी उभं राहून यान जाताना बघण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. छान ऊन पडलं होतं. त्यांनी माझा सल्ला धुडकावला म्हणून मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होतो.

"वाईट वाटतंय का हो?" मामींनी विचारलं. मामांनी मान हलवली; हो की नाही, ते काही कळलं नाही.

"आजोबा, आत काय काय आहे?" लेकीनं चक्क मराठीत विचारलं.

"डावीकडे कॉफी," मामा आभाळाकडे बघत म्हणाले. "तिच्यामागे मोजे. त्याखाली कुणाच्या तरी लेकरांनी पाठवलेली पत्रं..."

ठिपका दिसेनासा झाला तरी ते सांगतच राहिले. आणि आमच्यातल्या कुणीही निघायची घाई केली नाही.