वॉचमनच्या पत्र्यावरचा दात

माझी अभिनयाची कारकीर्द चहाच्या कपात बुडाली. वय वर्षं सात.

अंधेरीच्या एका स्टुडिओत मालिका चालू होती आणि मी त्यातल्या घरातला नातू होतो. काम एकच, दात काढून हसायचं. दहिसरच्या आमच्या चाळीत मला सगळे टीव्हीवाला म्हणायचे, आणि मीही मान जराशी तिरकी ठेवून चालायचो. अशात पुढचा दात हलायला लागला. आई मालवणची. तिनं ताटात पेज वाढली आणि म्हणाली, "मेल्या, दात काय, परत येतलो. गप जेव." येणार तर होता, पण सोमवारच्या शूटिंगला थोडाच येणार होता? तो निखळला तसा मी च्युइंगगमनं जागच्या जागी चिकटवला आणि सेटवर हजर झालो.

शॉट असा, की नातू आजोबांना चहा नेऊन देतो आणि हसतो. कप पुढे केला. हसलो. डुबुक! आजोबांचं काम करणाऱ्या नटानं घोट घेतला, तोंडातून दात काढून तळहातावर ठेवला, घाबरून आधी स्वतःची कवळी चाचपली आणि मग सगळ्या युनिटसमोर खणखणीत आवाजात जाहीर केलं, "हा माझा नाही!"

लोक पोट धरून हसले. मीही हसलो. पुढच्या आठवड्यात आईचा हात धरून सेटवर गेलो, तर माझा लाल पट्ट्यांचा शर्ट घालून दुसराच मुलगा आजोबांच्या मांडीवर बसला होता. आम्हाला कोणी काही कळवलंच नव्हतं. आई तिथूनच मागे फिरली. मी मात्र मान वळवून वळवून त्या शर्टाकडे बघत होतो.

हे सगळं मला गेल्या वर्षी दुपार कलताना विक्रोळीत आठवलं, मी दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच सिनेमाच्या शेवटच्या दिवशी.

एका जुन्या कंपनीच्या रिकाम्या क्वार्टर्स आम्हाला शूटिंगला मिळाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पाडायला माणसं येणार होती. एकच शॉट उरला होता, सिनेमाचा शेवटचा. बऱ्याच दिवसांनी घरी आलेला बाप गेटवरून शिटी मारतो, त्याची मुलगी जिने धावत उतरते, त्याच्यासमोर येऊन थांबते आणि हसते. जिन्यावरचं धावणं आदल्या दिवशी झालं होतं, अख्खी दंतपंक्ती दाखवत. आता फक्त थांबणं आणि हसणं.

मुलगी सात वर्षांची, गोवंडीची. तालमीत ती पिवळ्या फ्रॉकमध्ये धावत आली, थांबली आणि ओठ घट्ट मिटून हसली.

"बाळा, मोकळं हास ना."

तिनं मान डोलावली. ओठ पुन्हा मिटलेलेच.

तिचे वडील रजा काढून आले होते. ते हळूच म्हणाले, "सर, सकाळपासून अशीच आहे. उपम्यालाही हात लावला नाही. घरी तर हिचं तोंड बंद होत नाही."

ते मिटलेले ओठ मी कुठेही ओळखले असते.

"यार, ऊन चाललंय," कॅमेरामन म्हणाला. "काय करायचं ते लवकर कर."

तेवढ्यात निर्माते आले. "अरे, एवढं काय त्यात? समोरच्या बिल्डिंगमध्ये हिच्याच उंचीची एक पोरगी आहे. तिला फ्रॉक चढव आणि पाठमोरी घे. हसू बापाच्या तोंडावर दाखव."

सल्ला वाईट नव्हता, हीच पंचाईत! कपडेपटाच्या ताई लगबगीनं पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "चल गं, फ्रॉक बदलू." मुलीनं दोन्ही मुठींत फ्रॉक आवळून धरला.

"थांबा!" मी ओरडलो आणि स्वतःच्याच आवाजानं दचकलो.

मग मी तिच्यासमोर जमिनीवर फतकल मारली आणि चहाच्या कपाची गोष्ट सांगितली. सांगितली कसली, केली. मी, आजोबा आणि दात, तिन्ही भूमिका माझ्याच. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं, निर्माते घड्याळ बघत होते. 'हा माझा नाही'ला तिचे खांदे हलले, पण ओठ काही उघडेनात. मग मी शर्टाचंही सांगितलं.

"मग तुम्हाला काढलं?" तिनं विचारलं, आणि त्या शब्दांबरोबर दात तिच्या मांडीवर पडला. सकाळपासून तिनं तो जिभेनं दाबून धरला होता.

"काढलं."

"आता मला पण काढणार?"

"तुला कोण काढेल? इथला डायरेक्टर मी आहे!" हे मी निर्मात्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो. त्यांच्याकडे बघायचं मात्र टाळलं.

"अरे पण जिन्यावर दात आणि गेटवर खिंडार? मॅच कसं होणार?" कॅमेरामन कळवळला.

मी तिलाच विचारलं, "हा पडल्यावर पहिल्यांदा कोणाला दाखवला असतास?"

"पप्पांना."

मिळाला शॉट. धावता धावता जिन्यात दात पडलाय. ती येते, थांबते, मूठ उघडून बापाला दात दाखवते आणि मग हसते.

निर्माते काहीतरी बोलणार होते. मी त्याआधीच कॅमेरा सुरू करायला सांगितला.

ती आली. थांबली. मूठ उघडली. आणि हसली, असलं नसलं सगळं दाखवत. इथं मी 'कट' म्हणायला हवं होतं, पण बघतच राहिलो. तिनं गर्रकन वळून तो दात वॉचमनच्या केबिनच्या पत्र्यावर भिरकावला. टिक्. पडलेला दात छपरावर टाकल्याशिवाय नवा येत नाही, हे घरी तिला पक्कं शिकवलेलं.

"सेफ्टीला अजून एकदा घ्या," निर्माते म्हणाले.

"दात वर गेला, सर," कॅमेरामन म्हणाला. "आणि ऊनही."

"फोकस?" मी विचारलं.

तो मॉनिटरवर वाकला. शॉट पुन्हा लावला. कोणी हललं नाही. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी कॅमेरामनच्या पाठीकडे.

"आहे," तो म्हणाला. "डोळे, दात, सगळं आहे. दात फेकला तेव्हा फोकस जरासा सुटला, मग पकडला."

निर्मात्यांनी घड्याळ बघणं थांबवलं. मुलीनं माझी बाही ओढली.

"फ्रॉक?"

"तुझाच."

ती त्याच फ्रॉकमध्ये वडिलांबरोबर रिक्षात बसली. रिक्षा वळेपर्यंत मी गेट अडवूनच उभा राहिलो. कपडेपटाच्या ताई फ्रॉकसाठी मागून हँगर घेऊन येत होत्या ना.