धाकटे मामंजी आणि खिडकीजवळची पेटी

अख्ख्या झाशीत लाजेशी ज्याची कधी गाठच पडली नाही असा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या नशिबी चुलतसासरा म्हणून आला. धाकटे मामंजी रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले तरी शेवटच्या डब्यापासून इंजिनापर्यंत ऐकू जाईल अशाच आवाजात बोलतात. मी सरकारी दवाखान्याच्या गुप्तरोग विभागात समुपदेशक. रोज माझा डबा पोचवायचं काम त्यांनी न सांगता अंगावर घेतलं आणि माझ्या अब्रूचे धिंडवडे सुरू झाले.

आमच्याकडे कंडोम फुकट मिळतात. पण पेटी कुठे ठेवावी? नोंदणीच्या खिडकीजवळ, सगळ्या रांगेच्या डोळ्यांसमोर! तिच्यात हात कोण घालणार, कपाळ माझं! मी आत घसा फोडून समजावते, लोक माना डोलावतात आणि पेटीकडे न बघता घरी जातात. कुणी म्हणतो घरवालीला संशय येईल, कुणी म्हणतो मजा जाते. पण सगळ्यात मोठी धास्ती त्या रांगेचीच. एक टेम्पोवाला तर तोच आजार घेऊन तिसऱ्यांदा आला. नवं लग्न, बायकोला अजून काही झालेलं नाही. मी चिडून म्हणाले, "भैया, उसे भी बीमार करोगे क्या?" तो रडवेला झाला. "दीदी, लाइन में मेरे मोहल्ले के तीन लोग खड़े हैं."

दार लोटलेलं होतं, पण डबा घेऊन बाहेर उभ्या असलेल्या मामंजींचे कान गार्डाचे. ते थेट पेटीशी गेले. धोतर, पांढऱ्या मिशा, वय बहात्तर! मूठभर पाकिटं उचलून गरजले, "हटो भाई, हमको तो रोज़ लगते हैं!" रांग खो खो हसली. धरणीने मला पोटात घ्यावं असं झालं. पण त्या हशातच टेम्पोवाल्याने गुपचूप पेटीत हात घातला, आणि मागोमाग आणखी चौघांनी.

झालं! तो रोजचाच नेम ठरला. उचललेली पाकिटं ते दुसऱ्या दिवशी पेटीत परत टाकायला खिशात जपत. एकदा सदरा तसाच धुवायला पडला आणि धाकट्या सासूबाईंच्या बादलीत पाकिटं तरंगली. त्या चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, माझ्याशी आठ. मामंजींना मात्र त्याचं सोयरसुतक नाही. टेम्पोवाला पुढे बायकोला तपासणीला घेऊन आला. दोघंही ठणठणीत निघाली, तेव्हा माझा राग कुठे ठेवावा तेच मला कळेना.

यंदा मामंजींचे गुडघे गेले. ते घरात बसले आणि पेटी पुन्हा भरलेलीच राहू लागली. काल एक कोवळा नवरा तिच्याकडे बघत दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे फिरला. मला राहवलं नाही. उठले, पदर खोचला आणि सगळ्या रांगेदेखत मूठ भरून म्हणाले, "हटिए, हमको भी चाहिए!"

संध्याकाळी मामंजींना सांगितलं. गुडघ्याला तेल चोळता चोळता ते थांबले.

"लोक हसले का गं, सूनबाई?"

"हसले तर! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला."

"मग घेतील," म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "उद्या जाशील ना?"