तलावावरची तालीम

माझ्या धाकट्या जावेला शिट्टी मिळाली आणि त्या दिवसापासून मला कुठलीच शिट्टी सहन होईना. शेजारच्या घरातला कुकर वाजला तरी माझ्या कपाळाला आठी पडायची.

तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता. दवाखाना बोथला. ते काही फार लांब नव्हतं, पण मध्ये दोन नाले होते. पाऊस लागून राहिला की दोन्ही नाले रस्त्यावर यायचे आणि गाव दोन-दोन दिवस तुटून पडायचं. कुणाला साप चावला, कुणी बाई अडली, तर नाल्याच्या अलीकडे उभं राहून पाण्याकडे बघण्यापलीकडे काही करता यायचं नाही. म्हणून मंडल ऑफिसने, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीने, गावातलीच माणसं तयार करायची ठरवलं. दहा पुरुष, दहा बायका. पगार नाही, भत्ता नाही. एक लोखंडी पेटी तेवढी मिळाली. तिच्यात जाड दोर, दोन बॅटऱ्या, पट्ट्या, पाण्यात टाकायच्या गोळ्या आणि एक शिट्टी होती. शिट्टी ज्याच्या गळ्यात तो पथकाचा मुख्य, असं ठरलं होतं.

ती माझ्याच गळ्यात पडणार हे मी धरून चालले होते. चार वर्षं मी महिला मंडळ चालवत होते. माझे यजमान गावच्या मराठी शाळेत मास्तर. त्यांना सगळं गाव गुरुजी म्हणायचं, मीही तेच म्हणते. आणि पथकाचं खरं काम कुणी केलं होतं? घरोघर फिरून यादी मीच केली होती. पूर आला तर चालता न येणारी माणसं किती, पोटुशी बायका किती, आणि कुणाला कोण उचलणार, हे सगळं मी वहीत नावानिशी मांडलं होतं.

त्या जोड्या लावणं सोपं नव्हतं. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराला, म्हणजे भासऱ्याला, शिवत नाही. तो समोर आला तर पदर ओढून आड होते. त्याच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचंच असेल तर थोरल्या जावेला सांगते आणि ती पुढे पोचवते. त्यामुळे एका घरात उचलायला धडधाकट सून असली तरी भासऱ्यासाठी मला दोन घरं सोडून माणूस शोधावा लागायचा. यादी बघून मंडल ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, "शेजारचं माणूस सोडून लांबचं का घेतलं?" सगळ्या बायका पदराआड हसल्या. साहेबांना कुणी काही सांगितलं नाही.

आणि एवढं करून शिट्टी गेली माझ्या जावेकडे.

ती मंचेरियलची. तिचे वडील कोळशाच्या खाणीत होते, खाली काही अपघात झाला की माणसं बाहेर काढणाऱ्या तुकडीत. त्यांनी पोरीला दोराच्या गाठी शिकवल्या होत्या, दोन बांबू आणि लुगडं घेऊन डोली करायला शिकवलं होतं. ती साहेबांशी घडाघडा तेलुगूत बोलली आणि बोलता बोलता दोराची अशी गाठ मारून दाखवली की ओढली तर आवळेना आणि सोडली तर सुटेना. साहेबांनी तिथल्या तिथे शिट्टी तिच्या गळ्यात घातली. मी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, म्हणजे कुणाला संशय नको.

खरं सांगायचं तर शिट्टी हे निमित्त होतं. ती लग्न होऊन आली तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखत होतं. तिच्या हातच्या भाजीला सासूबाई दुसऱ्यांदा हात पुढे करायच्या. माझी पोरं तिच्या मांडीवर जाऊन बसायची. कुणाच्या लेकराने नाणं गिळलं, कुणाचा हात मोडला की दारात हाक यायची ती तिच्या नावाने. आणि ती मला अक्का म्हणायची. एवढ्या गोडीने म्हणायची की भांडायला जागाच ठेवायची नाही. भांडकुदळ जाऊ परवडते.

शिकवायला एक माणूस तीन दिवस आला होता. विहाराच्या अंगणात सतरंज्या टाकून आम्ही बसायचो. दुसऱ्या दिवशी त्याने बुडालेल्या माणसाचा श्वास थांबला तर काय करायचं ते सांगायला घेतलं. तोंडाला तोंड लावून आपला श्वास त्याच्या छातीत भरायचा, असं तो म्हणाला. अर्ध्या बायकांनी तोंडात पदर कोंबला, अर्ध्या उठून पाणी प्यायला गेल्या. तेवढ्यात माझी जाऊ उभी राहिली. "मी दाखवतो," ती म्हणाली, "माह्या बाबानं शिकवलं हाय. उशी घेऊन दाखवतो."

तिने उशीसुद्धा आणली होती. ती उशी बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता हेही हीच दाखवणार, आणि आम्ही सतरंजीवर बसून बघणार.

"साहेब," मी त्या शिकवणाऱ्याला म्हणाले, "आमच्या बायकांमंदी हे चालत नाई. कोनी करनार नाई अन् कोनी करू देनार नाई. त्याच्यापेक्षा पट्ट्या बांधाचं शिकवा."

मंडळाची अध्यक्ष बोलली म्हणजे गाव बोललं. त्याने मान हलवली आणि पट्ट्या काढल्या. जाऊ उशी मांडीवर घेऊन गुपचूप बसली. मला फार बरं वाटलं. जेवायला घरी गेले ती गाणं गुणगुणत गेले.

पोळ्यानंतर एका शुक्रवारी मंडल ऑफिसची मंडळी आमचं काम बघायला येणार असं कळलं. गावाबाहेरच्या तलावात एक माणूस बुडाल्याचं सोंग करील आणि पथक त्याला दोराने बाहेर काढील, असं ठरलं. शिट्टी ती वाजवणार, हुकूम ती देणार. मग मी हट्टच धरला की बुडणारा माणूस तरी आमच्या घरचा पाहिजे. गुरुजींना पोहता यायचं आणि गावच्या नाटकांत ते दरवर्षी काम करायचे. एकदा मेलेल्या राजाचं काम त्यांनी असं केलं होतं की पडदा पडल्यावरही बायका रडत होत्या. ते आधी नको म्हणत होते. मीच त्यांच्या मागे लागले. बघणाऱ्यांनी तिच्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तालीम होती. सगळं गाव तलावावर जमलं. गुरुजी धोतर-सदऱ्यासकट पाण्यात उतरले, कारण पुरात कुणी कपडे काढून पडत नाही असं त्यांचं म्हणणं. मधोमध गेले आणि सुरू झाले. "धावा! वाचवा! मास्तर बुडाला!" पोरं लोळून लोळून हसत होती. त्यांनी दोनदा बुडी मारली, दोनदा वर आले, एकदा तर तोंडातून पाण्याची चूळ उडवली. लोकांनी टाळ्या दिल्या. मी जावेकडे बघितलं. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

तिसऱ्यांदा ते वर आले तेव्हा ओरडले नाहीत. फक्त तोंड वर होतं आणि हात पाण्यावर थापटत होते. लोक अजून हसत होते.

जाऊ माझ्याजवळ आली. भासऱ्याला हाक मारणं तिला जमणार नव्हतं, म्हणून ती मला सांगायला आली. "अक्का, भासरे सोंग नाई करून राह्यले."

"मग काय करून राह्यले?"

"मघा आवाज होता. आता आवाज नाई. बुडनारा मानूस वरडत नाई, अक्का. माहा बाबा सांगे. तुमी हाक मारा त्याईले."

मी तिच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघत म्हणाले, "माह्या नवऱ्याचं नाटक मी आजवर पाहून राह्यली. तू काऊन शिकवतं मले? तुह्यी शिट्टी वाजवाची येळ झाली नाई अजून."

तिचं तोंड एवढंसं झालं. मी पुन्हा तलावाकडे बघितलं, तर पाण्यावर कुणी नव्हतं. लोक वाट बघत होते. ते वर येतील आणि चूळ उडवतील म्हणून पोरांनी टाळ्यांसाठी हात तयार ठेवले होते. मी पण वाट बघितली. तिने बघितली नाही. तिने शिट्टी तोंडात धरली आणि छाती फुटेपर्यंत वाजवली.

पथकातले तिघे उड्या मारून गेले. गुरुजींचं धोतर तळच्या वेलींत गुंतलं होतं. ते कापून काढेपर्यंत जो वेळ गेला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ. बाहेर आणलं तेव्हा ओठ निळे होते आणि छाती हलत नव्हती. पुरुषांनी त्यांना पालथं घातलं, पाठ दाबली. थोडं पाणी आलं आणि मग काहीच आलं नाही. कुणीतरी पाय चोळायला लागलं. कुणीतरी म्हणालं, कांदा आणा.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या वहीत गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला कोण उचलणार ते लिहिलेलं होतं. थांबलेला श्वास कुणी सुरू करायचा, ते मी कुणाला शिकूच दिलं नव्हतं. मलाही येत नव्हतं.

जाऊ माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, नजर खाली. एवढ्या गर्दीत ती भासऱ्याच्या एवढ्या जवळ आली म्हणून दोन म्हाताऱ्या पुटपुटल्या देखील.

"अक्का," ती म्हणाली, "मी करू का?"

काय करू, हे मला कळलं होतं. सगळ्या गावाला कळलं होतं. मला 'हो' म्हणायचं होतं, एवढंच. माझा नवरा माझ्या मांडीवर मरत होता आणि माझ्या डोक्यात आलं ते हे, की हिचं तोंड यांच्या तोंडाला लागणार, सगळ्यांसमोर, आणि जन्मभर लोक म्हणणार की हिने वाचवला. मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. लाज वाटते लिहायला, पण निघाला नाही.

मग तिने गुरुजींचं डोकं माझ्या मांडीवरून काढून जमिनीवर ठेवलं, हनुवटी वर केली, दोन बोटांनी तोंडातला चिखल काढला, नाक धरलं आणि वाकली.

ती फुंकायची, वर बघायची, छातीवर हात दाबायची, पुन्हा वाकायची. तिचा पदर पडला होता, केस त्यांच्या तोंडावर आले होते. मी एक एक फुंकर मोजत होते. ते जगावेत म्हणून मी मोजत होते, आणि आता पुरे, हिने आता उठावं, म्हणूनही मोजत होते. दोन्ही एकाच वेळी. माणसाच्या मनात एवढी जागा असते हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

गुरुजींना ठसका लागला. तोंडातून पाणी आलं, छाती एकदम वर उचलली गेली. त्यांचे डोळे उघडायच्या आत तिने पदर ओढला, मला दंडाला धरून पुढे सारलं आणि "अक्का, तुमी बसा तिथं" म्हणून गर्दीच्या मागे गेली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर मी होते.

त्यांना बैलगाडीतून बोथच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे साहेब आले. झालेलं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी विचारलं, श्वास कोणी दिला? सगळं गाव जमिनीकडे बघायला लागलं. भावजयीने भासऱ्याच्या तोंडाला तोंड लावलं हे परक्या माणसाला कोण सांगणार? मग सासूबाई पुढे झाल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माह्या मोठ्या सुनेनं." कुणीही चकार शब्द काढला नाही. साहेबांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. जाऊ दोराची गुंडाळी करत होती. ती हातातली ठेवून तिने टाळ्या वाजवल्या. माझ्यासारख्या नव्हे, साध्या.

गुरुजी घरी आले ते हाच अभिमान घेऊन. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हिनं मले आपला श्वास देऊन परत आनलं." एकदा मला म्हणाले, "तू तर ते शिकवू नका म्हनली होती ना?" मी म्हणाले, "आयकलं होतं तेवढं आलं कामी." आत, दाराआड, जाऊ पाहुण्यांसाठी पाण्याचे पेले भरत होती. ते सांगत असले की पेल्यांचा आवाज थांबायचा आणि मग पुन्हा सुरू व्हायचा.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. नाव, शाल, नवऱ्याची माया. आणि तरी माझा जळफळाट आधीपेक्षा वाढला. त्यांनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं की मला वाटायचं, हे बघणं तिचं आहे.

आठ-पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. एका दुपारी घरात दोघीच होतो. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी ट्रंकेतून शाल काढली आणि तिच्या पुढ्यात टाकली. ठेवली नाही, टाकली. "घे," मी म्हणाले, "तुह्यी हाय."

तिने पिठाचे हात लुगड्याला पुसले, शालीची घडी नीट केली आणि माझ्या हातात परत दिली.

"नाई अक्का," ती म्हणाली, "मी काऊन घेऊ? तुमी हो म्हनल्या, तवाच त मी हात लावला."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली.

मी हो म्हटलं नव्हतं. ते मला माहीत होतं, आणि तिलाही.